वेबसाइट केली, पण ऑर्डर येईना? दोष मालात नसेल, मांडणीत असेल

हल्ली गूळ, हळद, पापड, रोपवाटिका, कृषी पर्यटन अशा गावाकडच्या व्यवसायांच्याही वेबसाइट होऊ लागल्या आहेत. पैसे भरून वेबसाइट होते, चार दिवस सगळे कौतुक करतात. पुढे मात्र ऑर्डर येत नाही. मग मालक म्हणतो, 'ऑनलाइन आपल्या कामाचं नाही.' पण पुष्कळदा गिऱ्हाईक येऊन गेलेलं असतं. त्याला विकत घेण्याची वाटच सापडलेली नसते.

यूआय आणि यूएक्स म्हणजे काय?

वेबसाइट बनवणारे हे दोन शब्द नेहमी वापरतात. यूआय म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते: अक्षरं, रंग, फोटो, बटणं. दुकानाची पाटी आणि फळीवर मांडलेला माल समजा. यूएक्स म्हणजे गिऱ्हाईक दारात आल्यापासून पिशवी घेऊन बाहेर पडेपर्यंतचा सगळा अनुभव. पाटी झकास आहे, पण भाव विचारायला कुणी सापडत नाही, अशा दुकानात कोण थांबेल?

गिऱ्हाईक कुठे अडतं?

समजा, एका गुऱ्हाळाची वेबसाइट आहे. उघडताच मोठे फोटो फिरू लागतात. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो ३ ते ५ एमबीचा असू शकतो. रेंज कमी असेल तर पान उघडतच नाही. पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर मोबाइलवरचे ५३ टक्के लोक निघून जातात, असं गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं. फोटो लहान करून टाकले तर हा खोळंबा बराच कमी होतो.

पान उघडलं, तरी भाव कुठे? तो तिसऱ्या पानावर. बटण इतकं बारीक की बोट शेजारच्यावर पडतं. अँड्रॉइडच्या नियमावलीनुसार बटणाची जागा साधारण ९ मिलिमीटर तरी हवी. फिकट करड्या रंगातली अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. भाव फोटोवरच लिहिलेला असेल, तर अंधांना वाचून दाखवणाऱ्या ॲपला तो बहुधा कळत नाही. मराठी मजकूर जुन्या फॉन्टऐवजी युनिकोडमध्येच हवा, नाही तर काही फोनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि गुगलवर शोधूनही सापडत नाहीत.

शेवटी वाढणारा भाव

किलोचा भाव एक दाखवायचा आणि पैसे भरताना पॅकिंग, डिलिव्हरी जोडत जायचं, हे गिऱ्हाईक तोडणारं काम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर बंदी घातली आहे. शेवटी वाढणारा भाव आणि न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू हे त्यातलेच दोन प्रकार. म्हणून सगळा खर्च आधीच सांगावा.

घरच्या घरी तपासणी

वेबसाइट कधीच न पाहिलेल्या पाच जणांना बोलवा. त्यात एखादी वयस्कर व्यक्ती असू द्या. हातात साधा फोन द्या आणि एवढंच सांगा, 'एक किलो गूळ मागवून दाखवा.' मग गप्प बसा. 'इथे दाबा' असं सांगायचं नाही, कारण गिऱ्हाइकाशेजारी सांगायला तुम्ही नसता. ते कुठे थांबले, कुठे मागे फिरले, ते लिहून घ्या. मोठ्या अडचणी शोधायला पाच माणसं पुरतात, असं या क्षेत्रातले जाणकार जेकब नीलसन यांनी २००० सालीच मांडलं होतं.

पैसे देण्याआधी पाहा

- वेबसाइट संगणकावर नव्हे, स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा.
- पहिल्याच पानावर काय विकता, भाव किती, कुठपर्यंत पोचवता आणि फोन नंबर हे चारही दिसायला हवं.
- फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड एवढंच मागा. जन्मतारीख कशाला?
- माल खराब निघाला तर काय, हे स्पष्ट लिहा.
- वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्याच नावावर नोंदवा. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या वाद झाल्यावर पाटीच त्याच्या हातात राहते.

वेबसाइट मालकाला आवडली की नाही, हा प्रश्न नंतरचा. परगावच्या अनोळखी माणसाला कुणालाही न विचारता एक किलो गूळ मागवता आला, तर ती वेबसाइट कामाची.