माणसं जोडताना : लेखांक ७ – थोरल्याचं काम

मागच्या आठवड्यात ऐकून घेण्याविषयी बोललो. आज पुढची पायरी : आपल्याहून हुशार, आपल्याहून खमक्या माणसांना बरोबर घेऊन काम करणं. उदाहरण रायपूरचंच आहे. लाखेनगरला जायचं म्हटलं की ज्यांचं आडनाव आपोआप तोंडी येतं, ते वामनराव लाखे.

जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, मालक वामनराव. तिघेही मराठी, मासिक मात्र इथल्या वाचकांच्या भाषेत. मासिक तोट्यात गेलं आणि १९०२च्या अखेरीस बंद पडलं. आज त्याचं नाव निघालं की सप्रे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण कुणीतरी खर्चाची बाजू उचलली म्हणून लेखणी चालली. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे सोपवायचं आणि मग त्यात लुडबुड करायची नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा पतपेढ्यांचा. १९०४च्या कायद्याने किमान दहा जणांना एकत्र येऊन सहकारी पतसंस्था काढता येऊ लागली. गावातल्या संस्थेत जबाबदारी अमर्याद असे : एकाने कर्ज बुडवलं तर भरपाई बाकीच्यांनी करायची. त्यामुळे कर्ज देण्याआधी प्रश्न एकच, हा माणूस कसा आहे? शेजाऱ्यांनी दिलेली ग्वाही हीच पत. १९१२च्या कायद्याने अशा संस्थांच्या मध्यवर्ती बँकांना वाट करून दिली. पुढच्याच वर्षी रायपूरला सहकारी बँक उभी राहिली, ती वामनरावांच्या पुढाकाराने.

मग आला १९३०चा सविनय कायदेभंग. रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोकांनी पांडव म्हटलं. महंत लक्ष्मीनारायणदास भीम, कामगारांचे नेते ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव. युधिष्ठिर कोण? वामनराव. ताकद भीमाची, नेम अर्जुनाचा. थोरल्याकडे दोन्ही नाहीत, तरी दोघे त्याचं ऐकतात.

पण हाच युधिष्ठिर भावांना न विचारता पणाला लावून बसला, हेही विसरायला नको. आपल्या भरवशावर आलेल्यांचा वेळ, नाव, पैसा परस्पर पणाला लावला की थोरलेपण संपतं. गावच्या पतसंस्थेत हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असे, कारण एकाचं देणं दहांच्या दारात येई.

या आठवड्याचा सराव : मंडळात, ऑफिसात किंवा सोसायटीत इतरांच्या वतीने ‘हो’ म्हणण्याआधी त्यांना विचारा. किती वेळा विचारायचं राहून जातं, ते मोजा.

पुढच्या लेखात : मतभेद झाल्यावर बैठक कशी चालवावी.