वार, गज आणि अँगस्ट्रॉम

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात चांदे हे गाव आहे. तेथील एखाद्या आजींना लुगड्याचे माप विचारले, तर त्या 'नऊ वार' असे सांगतील. तेथून पुण्याकडे आले की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेत स्फटिकांतील अणूंमधली अंतरे क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजतात आणि ती अँगस्ट्रॉम या एककात लिहितात. या दोन मापांचा मेळ कसा घालायचा? वर्गात हे गणित मुले चटकन सोडवतील. उत्तर तपासताना मात्र आपल्याला थोडे थांबावे लागेल.

आधी गणित पाहू. दोन्ही एककांना जोडणारा दुवा म्हणजे मीटर. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ वार म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. एका मीटरमध्ये १० अब्ज, म्हणजे १० चा १० वा घात इतके अँगस्ट्रॉम असतात. म्हणून नऊ वार = ८.२२९६ मीटर = ८२ अब्ज २९ कोटी ६० लाख अँगस्ट्रॉम.

हा आकडा निव्वळ गमतीचा नाही. सुती लुगड्याचा धागा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या लांब रेणूत सुमारे १०.३ अँगस्ट्रॉम अंतरावर तीच रचना पुन्हा येते. असा एकच रेणू लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरता आला असता, तर ती रचना त्यात सुमारे ८ अब्ज वेळा आली असती. सूक्ष्म जग किती सूक्ष्म आहे, याचा मुलांना अंदाज येण्यास हे उदाहरण उपयोगी पडेल.

आता उत्तराकडे पुन्हा पाहू. त्यातले शेवटचे ६० लाख अँगस्ट्रॉम म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. कापड मोजताना हात जरा सैल पडला, तर एका सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. एक सेंटिमीटर म्हणजे १० कोटी अँगस्ट्रॉम! धुतल्यावर कापड एक टक्का आटले, तर ८० कोटींहून अधिक अँगस्ट्रॉम कमी होतात. मूळ मोजणीत नसलेली अचूकता एकक बदलल्याने येत नाही. म्हणून 'सुमारे ८.२ गुणिले १० चा १० वा घात' असे लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर सगळे अंक मांडणाऱ्या मुलापेक्षा अधिक शहाणपणाचे आहे. त्याचे गुण कापू नयेत.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. एककाचे नाव एकच असले, तरी त्यामागची पट्टी एकच असते का? जुना गज पाहा. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा गज चाले. मद्रासकडे तो साधारण ३३ इंचांचा आणि बंगालमध्ये ३६ इंचांचा, म्हणजे एका वाराएवढा, धरीत. नऊ गज कापडाचा सौदा ठरला आणि गज कुठला हे ठरले नाही, तर मुंबईच्या आणि बंगालच्या मापात दोन मीटरहून अधिक फरक पडे. त्याचा तोटा विणकराला तरी किंवा गिऱ्हाइकाला तरी सोसावा लागे. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर, १९५८ पासून आपल्याकडे दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली, त्यामागे हेही एक कारण होते.

हा घोटाळा फक्त बाजारातला, असे समजू नये. अँगस्ट्रॉमचीही अशीच कथा आहे. स्वीडनचे अँडर्स अँगस्ट्रॉम (१८१४–१८७४) यांनी १८६८ साली सूर्याच्या वर्णपटातील रेषांच्या तरंगलांब्या प्रसिद्ध केल्या. त्यांचे नाव या एककाला मिळाले. १९०७ साली कॅडमियमच्या तांबड्या रेषेची तरंगलांबी ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम मानावी, असे ठरले. म्हणजे अँगस्ट्रॉमला मीटरहून वेगळी, स्वतःची पट्टी मिळाली!

पुढे मान्ने सीगबान यांनी क्ष-किरणांसाठी आणखी एक एकक घेतले. कॅल्साइट स्फटिकातील अणूंच्या थरांमधले अंतर हा त्याचा आधार होता. अशी हजार एकके म्हणजे एक अँगस्ट्रॉम, अशी कल्पना होती. पण ते अंतर काढताना इलेक्ट्रॉनचा विद्युतभार विचारात घ्यावा लागे, आणि मिलिकन यांनी मोजलेला भार प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी होता. त्यामुळे हे हजार एककांचे माप खऱ्या अँगस्ट्रॉमपेक्षा सुमारे ०.२ टक्क्यांनी मोठे निघाले. १९४७ साली जुन्या आकड्यांना १.००२०२ ने गुणावे, असे ठरले. नऊवारी लुगड्यात ही चूक दीड सेंटिमीटरहून थोडी जास्त भरेल. शेवटी १९६० साली मीटरचीच व्याख्या प्रकाशाच्या तरंगलांबीवरून केली गेली आणि अँगस्ट्रॉम मीटरचा बरोबर दहा अब्जावा भाग झाला.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एकच कापड पाच मुलांना आपापल्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीने, मोजू द्या. पाच उत्तरे फळ्यावर लिहा आणि 'एक हात म्हणजे १८ इंच' या कोष्टकाने सर्वांचे सेंटिमीटर करा. गुणाकार पाचही जणांचा बरोबर असेल, पण उत्तरे जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत हे मुलांनीच सांगू द्यावे. त्यानंतर रूपांतराचे कोष्टक पाठ झाले नाही तरी बिघडत नाही.