जितके डोळे, तितके लोक

जगाला ‘लोक’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. इहलोक, परलोक, मृत्युलोक या शब्दांत ती आजही टिकून आहे. अवलोकन, विलोकन हे शब्दही त्याच घराण्यातले. परंपरेने या सर्वांची व्युत्पत्ती ‘पाहणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘लोक्’ धातूपासून सांगितली जाते. म्हणजे जे दिसते तो लोक. ही व्युत्पत्ती मान्य केली, की पुढचा प्रश्न ओघानेच येतो : कोणाला दिसते तो? माणसाला की मधमाशीला? बैलाला की घुबडाला? साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे निव्वळ जीवशास्त्राचा विषय म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

याकोब फॉन उक्सक्यूल (१८६४–१९४४) या जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक विचार मांडला. प्रत्येक प्राणी एकाच जगात राहत असला, तरी त्याच्या इंद्रियांना जेवढे जाणवते तेवढाच त्याचा ‘भोवताल’ असतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याने दिलेले गोचिडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याने वर्णिलेल्या गोचिडीला डोळे नाहीत. जनावराच्या अंगातून येणारा ब्यूटिरिक आम्लाचा वास, त्याच्या रक्ताची ऊब आणि केसांतून वाट काढताना होणारा स्पर्श, एवढ्या तीन खुणांवर तिचे जग उभे असते. आकाश, फुले, चंद्र यांतले काहीही तिच्यासाठी अस्तित्वातच नाही.

डोळे असलेल्या प्राण्यांमध्येही रंगांचे वाटप सारखे नाही. माणसाच्या डोळ्यांत सामान्यतः तीन प्रकारच्या रंगग्राहक पेशी असतात आणि त्यांच्या संयोगातून आपले सारे रंग घडतात. मधमाशीकडेही तीनच प्रकार आहेत, पण ते हिरवा, निळा आणि अतिनील यांसाठीचे. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास मधमाशांना निळ्या कागदावर साखरेचे पाणी घेण्याची सवय लावली. नंतर तो कागद करड्या रंगाच्या अनेक छटांमध्ये ठेवला, तरी माशा नेमक्या निळ्यावरच आल्या. तांबड्या कागदावर मात्र त्या फसल्या. काळा, गडद करडा आणि तांबडा यांत त्यांना फरक करता येईना. आपल्याला सूर्यफुलाची पाकळी अखंड पिवळी दिसते. मधमाशीला मात्र त्याच पाकळ्यांवर, मध्याभोवती, अतिनील प्रकाशातले एक गडद वर्तुळ दिसते. बहुतेक पक्ष्यांकडे तर चार प्रकारचे रंगग्राहक आहेत. मोराचा पिसारा लांडोरीला कसा दिसत असेल, हे सांगणारा शब्द कोणत्याही मानवी भाषेत नाही, कारण तो पाहणारा डोळाच माणसाजवळ नाही.

आता आपल्या परिचयाच्या बैलाकडे वळू. त्याच्याकडे रंगग्राहकांचे दोनच प्रकार आहेत. लाल रंग त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही. स्पेनमधल्या झुंजीत बैल बिथरतो तो फडक्याच्या रंगाने नव्हे, तर त्याच्या हालचालीने. हरणांचीही स्थिती अशीच आहे. वाघाचा जो केशरी रंग आपल्याला भडक वाटतो, तो हरणाच्या डोळ्यांना गवताच्या हिरव्यात मिसळून जातो. बैलाला रंग कमी दिसतात, पण त्याच्या दृष्टीचा घेर मोठा आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला सभोवतालचा सुमारे ३३० अंशांचा प्रदेश दिसतो. दिसत नाही तो थेट पाठीमागचा भाग. म्हणून जाणता शेतकरी मागून एकदम हात लावत नाही, आधी हाक देतो.

आपल्या भाषेने प्राण्यांच्या नजरेची नोंद पूर्वीपासून घेतली आहे. कधी अचूक, कधी सोयीची. ‘घारीची नजर’ निरीक्षणातून आली आहे; शिकारी पक्ष्यांपैकी काही गरुडांची दृष्टी माणसाच्या दुपटीहून तीक्ष्ण असते. ‘काकाक्षिगोलक न्याय’ मात्र कावळ्याला एकच बुबुळ असून ते दोन्ही खोबणींत फिरते, या समजुतीवर उभा आहे. कावळ्याला दोन्ही डोळे असतात. मान कलती करून एकाच डोळ्याने रोखून पाहण्याची त्याची लकब पाहून ही समजूत रूढ झाली असावी. घुबडाला आपण ‘दिवाभीत’ म्हटले; पण त्याला दिवसाही दिसते. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मानच सुमारे २७० अंशांपर्यंत वळवते. हे शब्द टाकून द्यावेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. एका पदाचा अन्वय दोन्हीकडे लावताना तो न्याय आजही उपयोगी पडतो. वर्गात शिकवताना एवढेच करावे, की अलंकार म्हणून तो शिकवावा आणि कावळ्याचे वर्णन म्हणून तो खपवू नये.

याचा लेखनाशी थेट संबंध आहे. निबंधस्पर्धांच्या वह्या तपासताना ‘बैलाचे मनोगत’ मी अनेकदा वाचले आहे. बहुतेक मनोगतांत पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी बैल आपल्या हिंगूळ लावलेल्या लालभडक शिंगांवर खूश असतो. हा आनंद मालकाचा आहे, बैलाचा नाही. बैलाचा सण वेगळ्या गोष्टींचा असणार : आदल्या दिवशी खांद्याला चोळलेल्या हळद-लोण्याचा वास, जोखड नसल्याचा हलकेपणा, गळ्यातल्या घुंगुरमाळेचा न थांबणारा आवाज, जिभेवर पुरणपोळीचा गोडवा, आणि गर्दी मागून आली की उडणारी धांदल. विद्यार्थ्याला यातले काही सुचले, तर त्याचा निबंध शास्त्रशुद्ध होईलच, शिवाय ठरीव शब्दांतून सुटेल. ‘मी बैल असतो तर’ आणि ‘बैल बैलच असतो तर’ हे दोन वेगळे निबंध आहेत. आपण आजवर पहिलाच लिहून घेत आलो आहोत.

अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये एका निबंधात विचारले होते, की वटवाघूळ असणे म्हणजे नेमके काय? आवाजाच्या पडसादावरून अंधारात वाट काढणाऱ्या जिवाचा अनुभव शास्त्र बाहेरून कितीही वर्णन करो, तो आतून आपल्या हाती येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मान्य केला तरी लेखकाचे काम संपत नाही. दुसऱ्याचा लोक पुरता कळत नाही, हे माणसांच्या बाबतीतही खरेच आहे. तरीही कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात, कारण आपला डोळा बाजूला ठेवण्याचा प्रयत्न हाच वाङ्मयाचा मोठा भाग आहे. बैलाच्या मनोगतापासून तो प्रयत्न सुरू करता येतो. सातवी-आठवीतल्या मुलाला तेवढे शिकवले, तर पुढे शेजाऱ्याचे मनोगत लिहिताना ते त्याच्या कामी येईल.