जाळी धुणाऱ्या मुलांसाठी

आपल्या नवापूर, नंदुरबार भागातली पुष्कळ मुले कामासाठी रेल्वेने सुरतेला जातात. कापड छपाईच्या कारखान्यात नवख्याच्या वाट्याला बहुधा स्क्रीन धुण्याचे काम येते. ते हलके समजले जाते, पण ते तसे नाही.

स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची बारीक जाळी. तिच्यावर लेप देऊन उजेडाच्या साहाय्याने नक्षी उतरवतात. नक्षी बदलली की लेप काढून तीच जाळी पुन्हा वापरतात. वाळलेला रंग काढायला थिनर किंवा टर्पेंटाइन, लेपाला ब्लीच आणि शेवटी उरलेल्या डागाला कॉस्टिक सोडा. काम झटपट होते, म्हणून हीच रीत पडली आहे.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि धुणारा तर तिथेच उकिडवा बसलेला असतो. डोके दुखते, चक्कर येते, पाय लटपटतात. अशा मुलाला “पिऊन आलास का?” असे विचारण्याआधी त्याचे काम काय आहे ते विचारा. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. थिनरने हात धुण्याची सवय तर फारच वाईट. कातडीतले तेल जाऊन भेगा पडतात. कॉस्टिक डोळ्यांत उडाले तर नजर जाऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटे डोळे धुवावेत, मग दवाखाना.

ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नाल्यात ओतलेले रसायनही तिथेच संपत नाही. 6 जानेवारी 2022 रोजी सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाचा वायू पसरला आणि शेजारच्या कारखान्यातले 6 कामगार दगावले.

मालकाला मजुराच्या तब्येतीचे सांगून पटत नसेल, तर त्याच्या नुकसानीचे सांगावे: तेज कॉस्टिक पॉलिएस्टरची जाळी कमजोर करते, ॲल्युमिनियमची चौकट खाते, आणि ब्लीचने नायलॉन झिजते. जाळी फाटली की खर्च त्याचाच.

पाण्यात विरघळणारा रंग असेल तर छपाई संपताच, तो ओला असतानाच, जोराच्या पाण्याने जाळी धुवावी. मग थिनरची गरज बहुतेक वेळा पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत रंग जाळीवरच वाळतो आणि तिथूनच डबा उघडावा लागतो. म्हणून आधी जाळी, मग भाकर.