फोटो नेमका जातो कसा?

काही अँड्रॉइड फोनांमध्ये २०१२ पासून पाठीला पाठ टेकवून फोटो पाठवता येई. तो स्पर्शातूनच जातो, असे आपल्याला वाटे. प्रत्यक्षात काय घडे? दोन्ही फोनांत तारेचे चपटे वेटोळे असते. एकातील १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या प्रवाहामुळे दुसऱ्यात विद्युतदाब प्रवर्तित होतो. रोहित्राचे तत्त्वही हेच! पण या मार्गाचा वेग सेकंदाला फार तर ४२४ किलोबिट. ३ मेगाबाइटच्या फोटोला सुमारे एक मिनिट लागले असते. म्हणून वेटोळी केवळ ओळख करून देत; फोटो ब्लूटूथ नेई. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरपलीकडच्या फोनशी ओळखच होत नसे. फोटो कोणाला द्यायचा, हे त्यानेच ठरे. अँड्रॉइड १० मध्ये (२०१९) ही सोय बाद झाली. वेटोळे मात्र आजही दुकानात फोन टेकवून पैसे देताना उपयोगी पडते.