सहलीचं नियोजन : आधी मुक्काम, मग गाडी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत एकच विषय सुरू होतो : यंदा सहल कुठे? ठिकाण ठरतं, लगेच गाडीची चौकशी होते, आणि रात्री मुलं झोपणार कुठे याचा विचार सगळ्यात शेवटी केला जातो. खरं तर क्रम उलटा हवा. मुक्काम नक्की झाला की मार्ग ठरतो, मार्गावरून किलोमीटर कळतात आणि किलोमीटरवरून भाडं. शिवाय मुलीला पाठवायचं की नाही, हे घरचे मुक्काम कुठे आहे हे ऐकूनच ठरवतात.

आपण मेडशीहून निघणारी एक सहल उदाहरणासाठी घेऊ.

मार्ग

वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही ठिकाणं १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मेडशीहून एका दिवसात ती बघून परत येणं शक्य नाही. म्हणून गेलो त्याच रस्त्याने परत न येता गोल फिरून यायचं :

पहिला दिवस : मेडशी – मालेगाव – मेहकर – लोणार – सिंदखेडराजा – छत्रपती संभाजीनगर (मुक्काम)
दुसरा दिवस : वेरूळ आणि दौलताबादचा किल्ला. मुक्काम तिथेच.
तिसरा दिवस : अजिंठा, संध्याकाळी शेगाव (मुक्काम)
चौथा दिवस : शेगाव – अकोला – पातूर – मेडशी

संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आणि अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. म्हणून दोन रात्री एकाच ठिकाणी राहिलेलं बरं. सामान एकदाच उतरतं आणि चालकालाही नीट झोप मिळते.

निघायचा वार कोणता?

हा प्रश्न वर्गात मुलांनाच सोडवायला द्या. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याच्या सोमवारी. गुरुवारी शेगावला दर्शनाची गर्दी असते. सोमवारी निघालो तर मंगळवारी वेरूळ बंद. शनिवारी निघालो तर सोमवारी अजिंठा बंद. मंगळवारी निघालो तर गुरुवारी रात्री शेगावात खोल्यांची पंचाईत. बुधवारी निघालो तर सगळं जुळतं : गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी दुपारपर्यंत घरी, आणि रविवारी आराम. पाचवीच्या मुलांनाही हे कोडं सुटतं, आणि पुढे ते कुठल्याही प्रवासाला कामी येतं.

मुक्कामाची जागा कशी तपासायची?

मंगल कार्यालय असो, धर्मशाळा असो की ओळखीची शाळा, फोनवर "सगळी सोय आहे" एवढ्यावर थांबू नका. हे विचारा :

१. मुलींची खोली वेगळी आहे का? दाराला आतून कडी आहे का? शिक्षिका त्याच खोलीत झोपणार का?
२. स्वच्छतागृहं किती? समजा २२ मुली आहेत आणि दोनच न्हाणीघरं. एकीला दहा मिनिटं धरली तरी ११० मिनिटं लागतात. सहाला निघायचं असेल तर पहाटे चारला उठावं लागेल.
३. पहाटे पाणी असतं का? लाईट गेली तर काय?
४. गाडी आवारात उभी राहते का? चालकाला झोपायला जागा आहे का?

शेगावला संस्थानचे भक्तनिवास आहेत. सहलीची संख्या सांगून कार्यालयात आधीच चौकशी करा आणि मोठ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा.

गाडी आणि हिशेब

एसटीची गाडी सहलीसाठी "प्रासंगिक करारा"वर मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे. शाळेचं पत्र घेऊन आगारात जा. दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे लागतात आणि आगारातून गावापर्यंत येणाऱ्या रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरतात का, हे दोन प्रश्न विचाराच.

अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. त्या तिकिटांचे पैसे वेगळे काढून ठेवा. लेण्यांचं प्रवेश तिकीट मात्र १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. समजा गाडीचं भाडं ३६,००० रुपये आहे. ४० मुलं असतील तर प्रत्येकी ९०० रुपये येतात. चार मुलं गळाली की बाकीच्यांना १,००० पडतात. ते न झेपून आणखी सहा गळाली की १,२००! म्हणजे एक मूल मागे राहिलं की दुसऱ्याचंही जाणं अवघड होतं. आणि गळतात ती बहुतेक मजुरी करणाऱ्यांची मुलं, ज्यांना लेणी दाखवायला दुसरं कोणी नेणार नाही. म्हणून सोयाबीन घरात आलं की ऑक्टोबरपासूनच हप्त्याने पैसे जमा करा. डिसेंबरात एकदम रक्कम मागू नका. आणि भाडं ठरवताना ४० नव्हे, ३६ मुलं धरून हिशेब मांडा. चाळीस आली तर उरलेल्या पैशांत एखाद्याचा हप्ता भागतो.

पालकांनी काय विचारावं?

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहलीचं नाव काढलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तो चुकीचा नाही. पण "नाही पाठवत" म्हणण्याआधी शाळेकडून एक कागद मागा : प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता, तिथला फोन, सोबतच्या शिक्षक-शिक्षिकांची नावं, गाडीचा नंबर, आणि रात्रीचा प्रवास नाही याची खात्री. परतताना पातूरचा घाट उजेडातच पार व्हायला हवा. गुरुजींनो, हा कागद कोणी मागण्याआधीच द्या. "नाही" म्हणणारे निम्मे पालक तो वाचूनच "हो" म्हणतील.

वर्गासाठी उपक्रम

हीच रीत परदेशालाही लागू पडते. सातवी-आठवीच्या मुलांना नकाशावर इटलीतली रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही शहरं दाखवा. तिथे एका शहरातून दुसऱ्यात रेल्वेने जाता येतं. फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. व्हिसासाठी अर्ज करतानाच राहणार कुठे हे दाखवावं लागतं, म्हणजे तिथेही आधी मुक्काम! मुलांना विचारा : पाच दिवसांत तिन्ही शहरं बघायची, तर रोमला कोणत्या वारी उतरायचं? उत्तरं एकापेक्षा जास्त येतील. प्रत्येकाला आपलं उत्तर फळ्यावर वाराप्रमाणे मांडून दाखवायला सांगा.