दारावरची चिठ्ठी

आमच्या पिढीनं इंग्लंडचं खेडं पहिल्यांदा पाहिलं ते बिस्किटांच्या डब्यावर. गवतानं शाकारलेली घरं, दारापाशी गुलाबाचा वेल, ओढ्यावर दगडी पूल आणि मागं चर्चचं टोक. बिस्किटं संपली की आई त्या डब्यात सुईदोरा आणि बटणं ठेवायची. झाकणावरचं गाव मात्र वर्षानुवर्षं तसंच टवटवीत असायचं. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा त्या झाकणावरचं एक तरी गाव डोळ्यांनी पाहावं, एवढीच माझी मागणी होती. जावई म्हणाले, "बाबा, तसली गावं इथं पुष्कळ आहेत. पण तुम्हाला एक वेगळंच गाव दाखवतो. तिथं कुणीच राहत नाही."

त्या गावाचं नाव टाइनम. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथल्या पर्बेकच्या टेकड्यांमध्ये, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे गाव दडलेलं आहे. लिहिताना ‘टाइनहॅम’ लिहितात, पण म्हणताना मधला ‘ह’ गिळून टाकतात. (इंग्रजांच्या या गिळण्याच्या सवयीनं शाळेत आम्हाला किती छड्या खायला लावल्या!) तिथं मनात येईल तेव्हा जाता येत नाही. सारा परिसर लष्कराच्या ताब्यात आहे आणि रणगाड्यांच्या तोफांचा सराव तिथं चालतो. गावाचं फाटक उघडतं ते बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्यांच्या दिवसांत. आम्ही रविवारी गेलो. वाटेवर दोन्ही बाजूंना सूचना लिहिलेल्या: रस्ता सोडू नका, जमिनीवर पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नका. नातीनं आईचा हात घट्ट धरला.

खाली उतरल्यावर प्रथम दिसते ती दगडी घरांची रांग. छपरं नाहीत. वरच्या मजल्याची जमीन नाहीशी झालेली, पण भिंतीतली शेगडी मात्र तशीच, अधांतरी. कधीकाळी तिच्यापुढं बसून कुणी हात शेकले असतील. रांगेच्या एका टोकाला पोस्ट होतं, तेच गावचं दुकानही. त्याच्यासमोर टेलिफोनची पांढरी खोली आहे. मूळची १९२९ सालची. पण १९८५ साली इथं एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं, त्यात ती मोडली आणि तिच्या जागी दुसरी आणून बसवली. तोफांच्या सरावातून वाचलेली वस्तू सिनेमावाल्यांच्या हातून जावी, याला काय म्हणावं!

हे गाव रोगराईनं उठलं नाही, की दुष्काळानं नाही. १९४३ साली दुसरं महायुद्ध भरात होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं तर रणगाड्यांना सरावासाठी मोकळी जमीन हवी होती. शेजारच्या लुलवर्थला पहिल्या महायुद्धापासूनच तोफखान्याचं मैदान होतं. ते वाढवायचं ठरलं. सुमारे साडेसात हजार एकर जमीन घेतली गेली. १६ नोव्हेंबरच्या तारखेचं पत्र घरोघर आलं: १९ डिसेंबरच्या आत घर रिकामं करा. म्हणजे अवघा महिनाभर, आणि तोही नाताळच्या तोंडावरचा. परिसरातली एकूण सव्वादोनशे माणसं निघाली. भांडीकुंडी, गाईगुरं, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं. जाताना चर्चच्या दारावर कुणीतरी एक चिठ्ठी लावली. तिचा आशय असा: चर्च आणि घरं जपून वापरा, जिथं आमच्या कित्येक पिढ्या राहिल्या ती घरं आम्ही सोडतो आहोत, माणसं स्वतंत्र राहावीत म्हणून चाललेलं युद्ध जिंकायला मदत व्हावी यासाठी. एक दिवस आम्ही परत येऊ आणि गाव नीट सांभाळल्याबद्दल तुमचे आभार मानू.

तिचा मजकूर तिथं वाचायला ठेवला आहे. मी तो वहीत उतरवून घेतला. रात्री मुलीच्या घरी त्याचं मराठी करायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी अडलो. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. इथं सैनिकांशी बोलायचं आहे, तेव्हा ‘आम्ही’च बरोबर. पण या ‘आम्ही’त कोण कोण आहे?

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर नेमकी इथं अडकते. घरं कुणाची होती? जवळजवळ सगळं गाव एकाच जमीनदार घराण्याचं. बाँड हे त्यांचं नाव, आणि १६८३ पासून टाइनमची मालकी त्यांच्याकडे. बाकीचे शेतकरी, कोळी, मजूर, सगळे भाडेकरू. त्यामुळं गाव सोडताना भाडेकरूंना भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. म्हणजे कोबी आणि बटाटे यांचा हिशेब झाला; पिढ्यान्‌पिढ्या ज्या चुलीपुढं काढल्या, तिचा होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्यानं ती त्यांची नव्हतीच. चिठ्ठीतला ‘आम्ही’ मोठा होता. खतावणीतला लहान.

युद्ध संपलं. माणसं वाट पाहत होती. परत पाठवू, असा शब्द सरकारनं दिला होता, ही त्यांची ठाम समजूत. पण युरोपात नवा तणाव सुरू झाला, लष्कराला मैदान सोडवेना आणि १९४८ साली सरकारनं ही जमीन सक्तीनं विकत घेतली. पुढं १९६८ मध्ये गाव परत मिळावं म्हणून एक चळवळ उभी राहिली. १९७३ साली सरकारनंच नेमलेल्या समितीनं ही जागा लष्करानं सोडावी अशी शिफारस केली. ती नाकारली गेली. एवढं मात्र झालं की १९७५ पासून लोकांना ठरावीक दिवशी इथं यायला मिळू लागलं. जमीनदारांचा जुना वाडा तोवर पाडला गेला होता. अशा रीतीनं या गावात अखेर मालक आणि कूळ एका पंक्तीला आले.

टाइनमला मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो शाळेत. एकच खोली. ती पुन्हा पूर्वीसारखी मांडून ठेवली आहे: बाकं, त्यांवर मुलांच्या वह्या, फुलापानांची चित्रं, आणि भिंतीला कोट अडकवायच्या खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली मुलाचं नाव. नातीनं आपली टोपी त्यांतल्या एका खुंटीला अडकवली आणि तिच्या आईनं डोळे वटारले. मला मात्र त्या खोलीत जीव आल्यासारखा वाटला.

पण तिथल्याच माहितीत एक गोष्ट होती. ही शाळा काही लष्करानं बंद केली नाही. ती बंद पडली १९३२ साली, युद्धाच्या कितीतरी आधी, पुरेशी मुलं उरली नाहीत म्हणून. तरुण माणसं कामासाठी बाहेर पडत होती. गावात वीज नव्हती, घरात नळ नव्हते. इथून उठून वेअरमच्या बाजूला गेलेल्या कित्येकांना पुढं विजेचे दिवे आणि न्हाणीघरं असलेली घरं मिळाली. म्हणजे बिस्किटाच्या डब्यावरचं गाव आतून पोखरलं जातच होतं.

इंग्रजांनी आपल्या खेड्यांच्या आठवणी गोळा करण्याचं काम मोठ्या चिकाटीनं केलं आहे. गावोगावच्या महिला मंडळांनी १९६५ साली आपापल्या गावाच्या चिकटवह्या तयार केल्या: दुकानातली बिलं, कापडाचे तुकडे, बसचं वेळापत्रक, त्या वर्षीच्या स्वयंपाकाच्या कृती. रोनल्ड ब्लाइथ या लेखकानं सफोक परगण्यातल्या माणसांना बोलतं करून ‘अ‍ॅकनफील्ड’ हे पुस्तक लिहिलं, ते १९६९ साली प्रसिद्ध झालं. गावाचं नाव खोटं, माणसं खरी. त्यात गुलाबाचे वेल कमी आणि शेतमजुरांचे हाल जास्त आहेत. म्हातारे सांगतात ते राबण्याबद्दल, अर्धपोटी राहण्याबद्दल, मालकापुढं मान खाली घालण्याबद्दल. आपल्याकडे त्रिंबक नारायण अत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तोही गावाच्या प्रेमात आंधळं न होता. ब्लाइथ २०२३ च्या जानेवारीत गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी.

मग टाइनमच्या माणसांना परत का जायचं होतं? वीज नसलेल्या, नळ नसलेल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या घरात?

याचं उत्तर मला शेजारच्या विल्टशर परगण्यातल्या इंबरच्या हकिगतीत सापडलं. तेही त्याच महिन्यात उठवलेलं गाव, दीडशेच्या आसपास वस्तीचं. १ नोव्हेंबर १९४३ ला शाळेत सभा घेऊन सांगितलं गेलं, आणि सत्तेचाळीस दिवसांत गाव रिकामं. तिथला लोहार, म्हणे, ऐरणीवर डोकं टेकून रडताना सापडला. नव्या जागी काही आठवड्यांतच तो गेला आणि त्याला पुरायला मात्र इंबरलाच आणलं. छातीत दुखून गेला की मन मोडून, हे डॉक्टरांनी काय लिहिलं असेल ते लिहिलं असेल. गावकऱ्यांनी आपलं निदान केलं होतं. भाता आणि हातोडा कुठंही नेता येतो. पण कुणाचा घोडा कोणत्या पायानं अधू आहे, कुणाच्या फाटकाची बिजागरी दर पावसाळ्यात गंजते, हे ज्याला ठाऊक, तो लोहार त्या एकाच गावचा असतो. जानेवारी १९६१ मध्ये दोन हजारांवर माणसं इंबरच्या बंद रस्त्यावरून चालत गेली. गाव मिळालं नाही. आता वर्षातले मोजके दिवस तिथलं चर्च उघडतं, आणि ऑगस्टात एक दिवस लंडनच्या जुन्या लाल दुमजली बसगाड्या त्या ओसाड गावापर्यंत धावतात. लोक हौसेनं तिकीट काढून जातात.

सगळ्यांचं असंच झालं असंही नाही. डेव्हनमध्ये स्लॅप्टनच्या आसपासचा तीस हजार एकरांचा मुलूख त्याच डिसेंबरात रिकामा केला, सुमारे तीन हजार माणसं हलवली. पुढच्या वर्षी ती परतू लागली. घरं मोडलेली, बागा उंदरांनी पोखरलेल्या, पण परतली. टाइनमकरांनी ही बातमी वर्तमानपत्रात वाचली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

गाव सोडताना आम्ही टेकडीवर थांबलो. खाली वरबॅरोचा उपसागर, निळाशार. लष्करामुळं या जमिनीवर रासायनिक खतं पडली नाहीत, औषधं फवारली गेली नाहीत, बंगले उठले नाहीत. म्हणून फुलपाखरं आणि रानफुलं इथं उदंड आहेत. जावयांनी आणखी एक गंमत सांगितली. याच टेकड्यांमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्ससारख्या जिवंत गावात कितीतरी घरं शहरातल्या श्रीमंतांनी सुटीसाठी घेऊन ठेवली आहेत. ती शनिवार-रविवारी उघडतात. टाइनमही शनिवार-रविवारीच उघडतं.

तिथं बसलो असताना मला माझा एक जुना अपराध आठवला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. उजनी धरणानं उठलेली माणसं भरपाईचे पैसे ठेवायला यायची. एका म्हाताऱ्यानं खातं उघडण्याच्या अर्जावर पत्ता सांगितला तो बुडालेल्या गावाचा. मी म्हणालो, "बाबा, ते गाव आता पाण्यात आहे. आता राहता कुठं ते सांगा." तो म्हणाला, "राहतो प्लॉटावर, साहेब. गाव विचारलंत म्हणून सांगितलं." नियम माझ्या बाजूनं होता. मी त्या गावावर सरळ रेघ ओढली, वर पुनर्वसन वसाहतीचा प्लॉट नंबर लिहिला आणि त्याच्या अंगठ्याला शाई लावली.

संध्याकाळी फाटक बंद व्हायची वेळ झाली. सोमवारी तोफा सुरू होणार होत्या. नातीची टोपी शाळेतच राहिल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि जावई पळत जाऊन ती घेऊन आले. परतताना मी गाडीतला नकाशा मांडीवर उघडला. जावई अजून कागदी नकाशा बाळगतात, याचं मला बरं वाटलं. किनाऱ्यालगत बोट फिरवत गेलो. लष्करी हद्दीची लाल रेघ होती, आणि तिच्या आत, शेजारच्या गावांची नावं छापली आहेत तसंच, टाइनम हे नाव छापलेलं होतं.